पानामागचा ठिपका

आमच्या विषयात बहुतेक सगळ्या गोष्टींना एकक असतं. बलाला आहे, दाबाला आहे, आवाजालाही आहे, आणि त्यातल्या पुष्कळ एककांना कुणा ना कुणा माणसाचं नाव दिलेलं आहे. हेव्याला मात्र अजून कुणी एकक ठरवलेलं नाही. ते काम माझ्याकडे आलं असतं तर मी त्याला 'चासकर' असं नाव दिलं असतं. सुलभा चासकर नारायणगावजवळच्या आमच्या कॉलेजात माझ्याबरोबर अकरा वर्षं फिजिक्स शिकवत होत्या. त्या अकरा वर्षांत मी किती चासकर जळलो ते माझं मला ठाऊक.

वास्तविक जळायचं मला काही कारण नव्हतं. मी कायम नोकरीतला, पीएच.डी. झालेला, विभागप्रमुख. माझे वडील ट्रक ड्रायव्हर होते. नारायणगावच्या मार्केटातला टोमॅटो घेऊन ते तीन-तीन दिवस उत्तरेकडे जायचे. त्यांच्या मुलाच्या नावापुढे 'डॉ.' लागलं म्हणून आळीतल्या लोकांनी माझा सत्कार केला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून तापाच्या गोळ्या विचारायला सुरुवात केली होती. बाई मात्र तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दरवर्षी जूनमध्ये त्याच नोकरीसाठी नव्याने मुलाखत द्यायची. मुलाखत घ्यायला टेबलाच्या अलीकडे मी असायचो. मी दरवर्षी विचारायचो, "स्वतःबद्दल सांगा." आणि त्या दरवर्षी सांगायच्या, "सर, गेल्या वर्षीचंच हाय."

त्या यायच्या महाळुंगे पडवळहून, स्कूटीवर. घरचे टोमॅटो होते. पहाटे तोडणीला हात लावायचा, प्लास्टिकची आठ-दहा कॅरेटं भरून द्यायची आणि मग आंघोळ करून कॉलेज. टोमॅटोच्या झाडात हात घातला की बोटांना हिरवट काळा चिकटा बसतो आणि तो साबणाला दाद देत नाही. त्या तसल्या बोटांत खडू धरून बाई फळ्यावर क्वांटम मेकॅनिक्स लिहायच्या. पहिल्या वर्षी मला वाटलं, मुलं हसतील. मुलं हसली नाहीत. मुलांपैकी निम्म्यांची बोटं तशीच होती.

बाईंची एक सवय होती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिला अंगठा लावायचा. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. चहाचा ग्लास, नवा खडू, प्रयोगशाळेतली भिंगं, कुणाच्या लग्नाची पत्रिका, सगळ्याला. तोडणीत आलेली ही सवय. टोमॅटो दाबून बघितला तर कळतं खरं, पण बघितलेल्या जागी तो सडायला लागतो. त्यामुळे बाईंच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "दाबून नको बघू, लावून बघ." स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू पिळणाऱ्या पोरांना त्या हेच सांगायच्या, आणि नापास झालेल्या मुलीला काय झालं म्हणून चारचौघांत फैलावर घेणाऱ्या तिच्या बापालाही त्यांनी हेच सांगितलं. तो बाप खाली मान घालून "व्हय मॅडम" म्हणाला. माझ्याशी तो तावातावाने भांडून नुकताच बाहेर पडला होता.

माणसांशीही त्या तशाच वागायच्या. सरळ प्रश्न म्हणून विचारायच्या नाहीत. अर्धा विचारायच्या, समोरच्याला सांगायचं तेवढं सांगू द्यायच्या आणि उरलेलं तसंच ठेवून चहा घ्यायच्या. मुलांना हे फार आवडायचं. निकालानंतर ओझरच्या गणपतीचा पेढा आधी बाईंच्या टेबलावर यायचा. मग पुडा माझ्यापर्यंत यायचा, तोवर त्यात एखादा तुटका पेढा आणि चुरा उरलेला असायचा. मी मधुमेहाचं निमित्त सांगून तो परत करायचो. मला मधुमेह नाही.

वेळापत्रक मी करायचो. एका वर्षी तोडणीच्या ऐन दिवसांत मी बाईंना रोज सकाळी साडेसातचा तास लावला. चुकून लावला असं मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं होतं. आठवडाभर त्या वेळेवर आल्या, एकदा केसात टोमॅटोचं पान अडकलेलं तसंच घेऊन. शनिवारी माझ्याकडे आल्या. मी मनातल्या मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं केलं सर. सकाळचा तास दिला त्यानं दुपार सारी मोकळी मिळती. तोडा आता दुपारून धरतो आमी." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पुढच्या सत्रात मी तो तास बदलला, तर त्या जरा हिरमुसल्या.

इथवरचा माझा जळफळाट तसा किरकोळ होता, स्टाफरूममध्ये चालतो तसा. खरं पोटात दुखायला लागलं ते बाईंनी मला त्यांची पानं दाखवली तेव्हापासून, आणि ते दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हतं.

कँटीनमध्ये चहा पिताना त्यांनी विषय काढला. त्या अर्ध्याच बोलतात, म्हणून मी पुरं सांगतो. दोन अणू घ्या, एकमेकांत गुंतलेले. एकाला कितीही लांब नेलं तरी त्यांचं नातं टिकतं, पण ते फार नाजूक असतं. आजूबाजूच्या जगाचा जरा खडखडाट लागला की ते विस्कटतं. त्याला आमच्या पुस्तकांत डीकोहेरन्स म्हणतात. त्यातला एक अणू सतत वेग वाढवत नेला तर आणखी पंचाईत होते. वेग वाढवत जाणाऱ्याला रिकामी पोकळीसुद्धा कोमट लागते. आपल्या लेखी जिथे काहीच नाही, तिथे त्याला ऊब जाणवते. म्हणजे बाहेरचा खडखडाट आहेच, वर ही ऊब. अशा प्रवासात त्या जोडीचं नातं वाचवायचं कसं, हा प्रश्न.

"आमी लांबच्या गाडीला लाल माल भरत न्हाई," बाई म्हणाल्या. "जरा पिवळा पडलेला भरतो. हितं पिकलेलं तिथं पोचत न्हाई, सर. कच्चं पोचतं, आन मग तिथं पिकवत्यात. तसंच अणूचं करायचं."

निघण्याआधी अणूला हलकेच चाचपायचं. पुरतं बघितलं तर नातं तिथेच संपलं, म्हणून अर्धंमुर्धंच बघायचं. तेवढ्याने तो पेंगतो, आणि पेंगलेल्याला खडखडाट कमी बाधतो. मुक्कामाला पोचल्यावर उलट बाजूने चाचपून त्याला जागं करायचं. काही खेपा चाचपतानाच फसतात, त्या सोडून द्यायच्या. ही युक्ती जगाला माहीत होती. पण वेग वाढवत जाणाऱ्या अणूला, एवढ्या खडखडाटात, किती हलका हात लावायचा याचं गणित बाईंनी मांडलं होतं. जुन्या जर्नलांची कोरी पानं फाडून, फक्त एका बाजूला, चाळीस पानं.

"तुमी डॉक्टर हाय. तुमच्या नजरंखालनं जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

मी ती पानं घरी नेली. विद्यापीठाचे पेपर तपासून तपासून मला एक सवय लागली आहे. वाचलेल्या प्रत्येक ओळीपुढे समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे ही ओळ मी पाहिली, पुढे चला. पहिली सोळा पानं माझी पेन्सिल टकटक करत पुढे गेली, आणि प्रत्येक ठिपक्यागणिक माझं तोंड कडू होत गेलं. गणित सुरेख होतं. मी पीएच.डी.साठी पाच वर्षं जे केलं ते या गणितापुढे फार तर गृहपाठ होता. माझ्या प्रबंधाच्या चार प्रती मी बांधून घेतल्या होत्या. त्यातली एक आईने देवघराशेजारी ठेवली आहे.

सतराव्या पानावर पेन्सिल थांबली. बाईंनी एक गोष्ट गृहीत धरली होती, पेंगलेला अणू वाटेत पेंगलेलाच राहणार. जागा अणू पेंगेल, त्याची सोय गणितात होती. पेंगलेला जागा होईल, त्याची सोयच नव्हती. आणि पोकळी तर कोमट! उबेने तो वाटेतच जागा होणार आणि पुढे खडखडाटात सापडणार.

हे मला तिथल्या तिथे दिसलं, त्यात माझ्या पीएच.डी.चा काही वाटा नव्हता. वडील सांगायचे, हिरवा माल भरून निघावं आणि तिसऱ्या दिवशी ताडपत्री उघडावी, तर मधली कॅरेटं लालभडक. गाडीच्या पोटातल्या उबेने पिकलेली, खालची दबून गळायला लागलेली. बाईंना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. माल गाडीत चढला की शेतकऱ्याचा संबंध संपतो, त्यांची माहिती मार्केटच्या फाटकापाशी थांबत होती. माझी तिथून पुढे सुरू होत होती. दोघांचं मिळून ते गणित पुरं झालं असतं.

त्या ओळीपुढे पेन्सिल टेकवून मी बराच वेळ बसलो होतो. मग पुढे गेलो आणि उरलेल्या सगळ्या पानांवर बारीक ठिपके दिले.

दुसऱ्या दिवशी मी पानं परत केली. म्हणालो, "उत्तम आहे. कुठेही अडलं नाही."

बाईंनी पानांच्या गठ्ठ्याला अंगठा लावला. "नक्की ना, सर?"

"नक्की."

एवढ्यावर थांबलो असतो तर भित्रा म्हणवून घेऊन सुटलो असतो. पण मी पुढे गेलो. पुण्यातल्या एका संस्थेत परिसंवाद होता. तिथे हे मांडाच म्हणून मी बाईंच्या मागे लागलो, अर्ज मी भरला, प्राचार्यांकडून रजा मी मिळवली आणि सोबत म्हणून मीही निघालो. सगळं कॉलेज म्हणालं, बघा, सरांचं मन किती मोठं. खरं कारण लिहितो. मला त्यांना पडताना बघायचं होतं, आणि बघायला पुढची खुर्ची हवी होती.

त्या दिवशी बाईंचे हात स्वच्छ होते. टोमॅटोचा डाग टोमॅटोनेच निघतो, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी कच्चा टोमॅटो चोळून बोटं घासली होती. त्या स्वच्छ हातांनी त्या कुणी परक्या बाई वाटत होत्या. बोलायला लागल्या तेव्हा पहिली पाच मिनिटं आवाज कापत होता, मग लागला. सभागृह ऐकायला लागलं. शेवटी त्यांनी सांगितलं की वेगवाढ कितीही असो, हात नेमका पडला तर नातं वाचतं.

पुढच्या रांगेत एक वयस्कर प्राध्यापिका होत्या. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "जो झोपला आहे तो झोपलेलाच राहील, हे कशावरून? तुमची पोकळी तर कोमट आहे ना?"

 सभागृहात कुणीतरी खोकलं. या क्षणासाठी मी नारायणगावहून आलो होतो. मला आनंद झाला, लपवत नाही. आणि त्या आनंदाच्या मध्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत. पाहिलं आणि त्या फळ्याकडे वळल्या.

खडूला अंगठा लावून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग स्वतःशीच, पण ऐकू येईल एवढ्याने म्हणाल्या, "गाडीत ऊब धरती."

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं; 'कोमट' या एका शब्दावरून त्या मार्केटच्या फाटकापुढच्या गाडीत पोचल्या होत्या. त्यांनी राहिलेली ती जागा समीकरणात भरली आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं. वेळ संपल्याची घंटा झाली, तशी त्या प्राध्यापिकांनी अध्यक्षांना हाताने थांबवलं. वीस मिनिटं फक्त खडूचा आवाज होता. मी मनातल्या मनात ओळीओळीपुढे ठिपके देत होतो, आणि एकही ठिपका अडत नव्हता. शेवटच्या ओळीखाली रेघ मारून बाई वळल्या.

"आधी म्हणले ते चूक व्हतं," त्या म्हणाल्या. आपण सभागृहात आहोत हे त्या विसरल्या होत्या. "सगळं न्हाई वाचत. एका हद्दीपत्तुर वाचतं. त्याच्या म्होरं कितीबी हलका हात लावा, न्हाई वाचत. हद्द ही अशी काढायची."

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी त्या प्राध्यापिका उठून फळ्यापाशी गेल्या आणि दोघी फळ्याला नाक लावून काहीतरी बोलायला लागल्या. मागून टाळ्या पडल्या त्या दोघींनाही ऐकू आल्या नसाव्यात. आधीच्या निकालापेक्षा हा लहान होता, पण खरा होता, आणि एवढ्या माणसांसमोर उभ्याउभ्या काढलेला होता. मी पाडायला नेलेली बाई माझ्या डोळ्यांदेखत दोन पायऱ्या वर चढून गेली. मी चहाला गेलो आणि माझ्या कपात साखर घालायची विसरलो.

परत येताना एस.टी.त शेजारी शेजारी बसलो होतो. राजगुरुनगर मागे पडलं. मंचर आलं तशी त्यांनी पिशवीतून पानं काढली, सतरावं पान उपडं केलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"सर, हितं अंगठा लावा."

लावला. कोऱ्या बाजूवर एक बारीक उंचवटा लागला.

"बाकीच्या पानांना मागनं काय लागत न्हाई. ह्यो एकच टोचतो."

खिडकीची काच खडखडत होती. मी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"निघायच्या आधी. आठ दिस झालं."

"मग मला विचारलं का नाही?"

"इचारलं व्हतं की. नक्की ना म्हणलं. तुमी नक्की म्हणाले." त्यांनी पान परत घेऊन गठ्ठ्यात नीट घातलं. "त्या ओळीकडं मी लई येळ बघितलं, सर. मला काय दिसंना. मंग म्हणलं, ठिपक्याचं ऐकायचं का सरांचं? सरांचं ऐकलं."

कळंब आलं. उतरायच्या आधी त्या थांबल्या. "लई दाबलं व्हतं तुमी," एवढंच म्हणाल्या. मग उतरून, रस्ता ओलांडून, महाळुंग्याच्या जीपमध्ये बसल्या.

त्यांनी हे कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. त्या सांगतील म्हणून मी महिनाभर वाट पाहिली आणि सांगत नाहीत म्हणून त्यांच्यावरच चिडलो. सांगितलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांचा माझ्याशी चहा पूर्वीसारखाच चालू राहिला. माफी मागायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा वेळापत्रकाबद्दल बोललो. पुढे त्या प्राध्यापिकांच्या मदतीने बाईंचा निबंध छापून आला. शेवटी आभारांत माझं नाव होतं, 'काळजीपूर्वक वाचल्याबद्दल'. त्यातलं एक अक्षर खोटं नाही.

मग पुण्याहून त्यांना संशोधनासाठी बोलावणं आलं. निरोप समारंभात मी चांगलं भाषण केलं. ते झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि नव्या पानांचा गठ्ठा पुढे केला. "जायच्या आत बघता का, सर? तुमच्यावानी ओळ न् ओळ कोण वाचत न्हाई."

मी चार दिवस दुसरं काही केलं नाही. नवव्या पानावर एक चूक सापडली. समासात लाल स्केचपेनाने सगळं लिहिलं, कुठे चुकलं, का चुकलं, कसं दुरुस्त होईल. ठिपके दिले ते एवढे हलके की मलाच चष्मा लावून शोधावे लागत होते.

त्या निघाल्या त्या सकाळी मी मार्केटपाशी गेलो. पुण्याला माल घेऊन चाललेल्या दिराच्या पिकअपमधूनच त्या जाणार होत्या. मागे कॅरेटं, त्यावर त्यांची ट्रंक आणि गादी. बाई पुढे, खिडकीशी बसल्या होत्या. मी गठ्ठा दिला. म्हणालो, "नवव्या पानावर एक चूक आहे. लिहिली आहे. बाकी सगळं बरोबर आहे. आणि बाई, त्या सतराव्या पानाचं..."

पुढे माझं वाक्य सरकेना. त्यांनी ते ओढून काढलं नाही. म्हणाल्या, "बाकी नक्की ना, सर?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. आणि मग गठ्ठा मांडीवर उपडा केला, आणि एकेका पानाच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. मागच्या टेम्पोने हॉर्न लावला. दीर म्हणाला, "वैनी, चला की, ऊन व्हायला लागलं." त्या थांबल्या नाहीत. समासाच्या कडेने वरून खाली, मग पुढचं पान. सगळी पानं गुळगुळीत आहेत हे मला माहीत होतं, तरी शेवटचं पान होईपर्यंत मी पानं मोजत उभा होतो.

शेवटच्या पानावरून अंगठा उचलून त्या माझ्याकडे बघून हसल्या, चांगलं, नेहमीसारखं. पिकअप हलली आणि हायवेच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

तिथे आता त्यांची पानं दुसरं कुणीतरी तपासत असेल. ते "बरोबर आहे" म्हणत असेल, आणि बाई मागून अंगठा न फिरवता पानं पिशवीत घालत असतील. तो माणूस कोण ते मला माहीत नाही. मला त्याचा हेवा वाटतो.